सुनेच्या मापाचे दिवे

माझ्या भाऊजींना सगळे सावलीवाले म्हणतात. नाव ऐकून वाटेल की माणूस भुतंखेतं उतरवतो. तसं काही नाही, ते साधे वायरमन आहेत. लोकांच्या स्वयंपाकघरात छत थोडं खाली घेऊन त्यात गोल दिवे बसवायचे, एवढं एकच काम ते करतात. हॉलचं काम आलं तर दुसऱ्याकडे पाठवतात. बेडरूमचं आलं तर म्हणतात, "झोपायला कशाला लागतो उजेड?" छत मी करतो. लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, त्याला जिप्समचे बोर्ड, सांधे भरणं आणि शेवटी दिव्यांसाठी भोकं पाडणं. सोळा वर्षं आम्ही दोघं जोडीने काम करतोय. मी त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. तेव्हा पुढे जे सांगणार आहे ते कोणाच्या बाजूने, हे उगाच लपवत नाही. त्यात माझी बाजूही फारशी स्वच्छ नाही.

नाव कसं पडलं ते आधी सांगतो. बाकीचे वायरमन खोलीची लांबी-रुंदी मोजतात, दोरी मारतात आणि छताच्या मधोमध दोन ओळींत दिवे ठोकून मोकळे होतात. दारातून बघायला झकास दिसतं. पण स्वयंपाक करणारी बाई काही खोलीच्या मधोमध उभी नसते. ती ओट्याशी असते, भिंतीकडे तोंड करून, आणि दिवे तिच्या पाठीमागे. जिथे सुरी चालायची नेमकी तिथे तिच्याच डोक्याची सावली. घरमालकाला हे जन्मात कळत नाही, कारण तो ओट्यापाशी जातो तो फक्त पाणी प्यायला.

भाऊजी आधी त्या घरातल्या बाईला बोलावतात. "रोज उभ्या राहता तशा उभ्या राहा." तिच्यासमोर फळी, फळीवर कांदा, हातात सुरी. खिडकीला कापड लावून अंधार करतात, शिडीवर चढतात आणि टॉर्च छताला टेकवून बोट-बोट सरकवत नेतात. "चिरा तुम्ही, थांबू नका. मान नेहमी एवढी वाकते? डावा खांदा दुखतो का हो संध्याकाळी?" सावली हातावरून निघाली, सुरीवरून निघाली, फळीच्या पलीकडे गेली, की छतावर पेन्सिलने फुली. उजव्या हाताने चिरणारीला दिवा डाव्या अंगाला, डावखुरीला उजव्या अंगाला. नाहीतर तिचाच पंजा तिच्या बोटांवर सावली पाडतो आणि सुरीचं टोक दिसत नाही. फुली पडली की मी भोक पाडणार, फुलीपासून अर्धं बोट जरी हललो तर शिव्या खाणार.

एका घरात एक बाई अशी उभी असताना रडायला लागली. म्हणाली, मी इथे कशी उभी राहते हे आजवर कोणी बघितलंच नव्हतं. भाऊजी शिडीवरून उतरले आणि त्यांनी तिला आपला रुमाल दिला. मी शेजारी तोंडभर धूळ घेऊन उभा होतो आणि त्या रुमाल देणाऱ्याच्या कानाखाली मला एक वाजवावीशी वाटली. कारण मला माझ्या ताईचं स्वयंपाकघर माहीत होतं.

ताईच्या स्वयंपाकघरात एक ट्यूब होती. दाराच्या वर, म्हणजे बरोबर तिच्या पाठीमागे. सत्तावीस वर्षं तीच. नळी बदलायची, पण जागा तीच. खटका दाबला की आधी विचार करायची आणि मग लागायची. तेवढ्या उजेडात, म्हणजे स्वतःच्याच सावलीत, ताई रोज अकरा डबे करायची. दोन बँकेतले कारकून, दवाखान्यातल्या तीन नर्सेस, एकटे राहणारे काही नोकरदार, आणि एक निवृत्त मास्तर, ज्यांच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. मास्तरांसाठी ती गाजर, घेवडा सगळं वेगळं चिरायची, तांदळाच्या दाण्याएवढं. मास्तर डब्यात चिठ्ठी घालून पाठवायचे, "आजची भाजी न चावता गेली, आभारी आहे." ताईने त्या चिठ्ठ्या मिठाच्या बरणीमागे जमवल्या होत्या. आमच्या घराण्यात कोणाला लेखी आभार मिळालेत असं दुसरं उदाहरण नाही.

डबे म्हणजे ताईचं सगळं होतं. लग्नानंतर शिक्षण सुटलं, मुलगा मोठा होऊन त्याच्या नोकरीत गुंतला, नवरा दिवसभर दुसऱ्या बायकांच्या सावल्या मोजत फिरणार. या अकरा माणसांना मात्र साडेअकरा वाजता तिची आठवण यायचीच.

तीन वर्षांपूर्वी ती मला म्हणाली, "मला जरा डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. घरी बोलू नकोस." डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डावा डोळा जवळपास गेलेला, उजव्याचा कडेकडेचा भाग जायला लागलेला. थेंब चालू ठेवा, गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवायचं. ताईने एकच विचारलं, "चिरता येईल ना?" डॉक्टर म्हणाले, हातावर चांगला उजेड पाहिजे, सावली नको. उजेड असेल तर चार-पाच वर्षं काही अडत नाही.

रिक्षात बसल्यावर ताई हसत म्हणाली, "बघ, एवढंच ना! सावली नको म्हणे. आपल्या घरात तर सावलीवालेच आहेत." मला हसू आलं नाही.

तिने भाऊजींना डोळ्याचं सांगितलं नाही. कळलं तर डबे बंद करतील या धास्तीने. फक्त दिवे मागितले. "अहो, ओट्यावर दोन दिवे टाका ना." ते म्हणाले, बघू. सहा महिन्यांनी पुन्हा म्हणाली तर, "इतक्या वर्षांत अडलं का कधी? तुला तर झोपेतही चिरता येईल." तिसऱ्यांदा मी मध्ये पडलो. म्हणालो, भाऊजी, छत मी करून देतो, रविवारी संध्याकाळपर्यंत काम उरकेल. ते चहा पीत होते. म्हणाले, "घरचं काय, कधीही होईल. गिऱ्हाईक थांबत नाही." मला त्यांचा स्वभाव कळून चुकला होता. बाहेरच्या बायका त्यांना देवमाणूस म्हणायच्या. घरात ते कोणी म्हणणार नव्हतं, ताई फार तर "बरं झालं" म्हणाली असती. तेवढ्यासाठी शिडीवर कोण चढतो?

मग मुलाचं लग्न झालं आणि सून आली. मुलगी चांगली, एका गोदामाच्या ऑफिसात नोकरी करणारी, सकाळी साडेआठला बाहेर पडणारी. स्वयंपाकाची तिला आवड नव्हती आणि ती तसं स्पष्ट सांगायचीही. आल्यावर पंधरा दिवसांनी एकदा पाण्याचा ग्लास भरताना म्हणाली, "बाबा, किती काळोख आहे हो इथे."

बस, एवढंच. पुढच्या सोमवारी भाऊजींनी मला फोन केला, "बोर्ड घेऊन ये, घरचं काम आहे. सूनबाईला उजेड पाहिजे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ताई इतकी खूश होती की मी तोंड मिटून घेतलं. "कोणामुळे का होईना, होतंय ना," ती म्हणाली. दोन दिवसांत मी सांगाडा केला, बोर्ड चढवले, सांधे भरले. ताई त्या धुळीत अंगणातल्या चुलीवर अकरा डबे करत होती आणि मध्येच आत येऊन वर बघून जात होती. तिला वर फारसं काही दिसत नसणार. तरी बघायची.

माप घ्यायचा दिवस आला. रविवार, सकाळी दहा. सून घरी होती. ताईने केस विंचरले होते, धुतलेला पदर नीट खोचला होता, आणि न सांगता फळी मांडून, कांदा ठेवून, सुरी हातात घेऊन ओट्यापाशी उभी राहिली होती. सत्तावीस वर्षं जेवताना नवऱ्याच्या तोंडून तिने हे ऐकलं होतं. कुठल्या बाईची मान कशी वाकते, कोणाचा खांदा वर जातो. आज तिची पाळी होती. चेहऱ्यावर असं काही होतं की मला दुसरीकडे बघावं लागलं.

भाऊजी शिडीवर चढले. टॉर्च लावली. खाली बघितलं आणि म्हणाले, "तू हो बाजूला. सूनबाई, ये, इथे उभी राहा."

ताईला आधी कळलंच नाही. ती फळी जरा सरकवून पुन्हा उभी राहिली.

"अगं, बाजूला हो म्हणतोय. माप तिचं घ्यायचंय."

सून दारात होती. ती म्हणाली, "बाबा, मी कुठे करते स्वयंपाक? आईंचं घ्या ना."

"आज नाही करत, उद्या करशील. किचन तुझंच आहे आता. दिवे काय दर वर्षी बसवतात का?"

"मग दोघींचं घ्या."

"एका ओट्यावर दोन मापं होत नाहीत. तू डावखुरी, ही उजवी. तुझा दिवा हिच्या हातावर सावली पाडणार, हिचा तुझ्या."

हे धादांत खोटं होतं. डाव्या अंगाला दोन दिवे जास्तीचे टाकले की झालं. खोक्यात आठ होते, लागणार होते सहा. उरलेले दोन त्यांना पुढच्या गिऱ्हाइकाकडे न्यायचे होते. हे त्या खोलीत त्यांना ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. मी मूग गिळून बसलो. माझी दहातली आठ कामं त्यांच्याकडून येतात, हे माझं कारण. ते चांगलं कारण आहे असं मी म्हणत नाही.

ताई हळू आवाजात म्हणाली, "अहो, पण डबे मी करते ना."

भाऊजींनी टॉर्च विझवली आणि शिडीवरूनच म्हणाले, "तुला उजेड देऊन काय उपयोग? तुझा डावा डोळा गेलाय. मला काय कळत नाही? तीन वर्षं झाली, सगळी भांडी उजव्या अंगाला ओढून घेतेस. लोकांचे हात बघण्यात माझी हयात गेली, माझ्याच घरातलं मला दिसणार नाही?"

तीन वर्षं ती त्यांच्यापासून लपवत होती आणि तीन वर्षं ते तिचं चाचपडणं आरामात जेवत जेवत बघत होते. ताईने सुरी ओट्यावर ठेवली, कांदा उचलून टोपलीत टाकला आणि बाजूला झाली. सून नाइलाजाने उभी राहिली. तिला कांदा धड धरता येत नव्हता. "वा! चिर, चिर, थांबू नकोस," भाऊजी म्हणत होते. "मान छान सरळ आहे तुझी." सहा फुल्या पडल्या. मी ड्रिलला गोल पातं लावलं आणि सहा भोकं पाडली. अर्धं बोटही इकडेतिकडे हललो नाही. ताई खाली उभी राहून माझ्यासाठी शिडी धरत होती. तिच्या केसांवर पांढरी भुकटी पडत होती.

दुपारपर्यंत दिवे बसले. ट्यूब काढून टाकली, ती मीच काढली. भाऊजींनी बटण दाबलं आणि ओटा असा उजळला की फरशीचे सांधेसुद्धा मोजता यावेत. मुलाने फोटो काढले. भाऊजींनी शेगडीच्या मागच्या भिंतीवरून बोट फिरवलं, ते तेलकट बोट ताईच्या नाकासमोर धरलं आणि म्हणाले, "हे बघ. अशा ठिकाणी शिजवून घालत होतीस लोकांना?" मग दिव्याखाली नेऊन सगळ्यांना दाखवलं. ताई म्हणाली, "दिसत नव्हतं हो." ते म्हणाले, "तेच तर म्हणतोय मी."

दुसऱ्या दिवसापासून ताई नव्या उजेडात चिरायला लागली. उजेड भरपूर होता, पण सगळा उजव्या बाजूने यायचा. तिच्याच पंजाची काळी सावली फळीवर पडायची, ट्यूबच्या सावलीपेक्षा दुप्पट गडद, कारण भोवती लखलखाट. तिसऱ्या दिवशी घेवड्याबरोबर तिने डाव्या हाताचा अंगठा कापला. कळलं तेव्हा मास्तरांच्या वाट्याची भाजी लाल झाली होती.

भाऊजींनी ती भाजी तिच्यासमोर कचऱ्यात ओतली. "उद्यापासून डबे बंद."

ताई आजवर त्यांना उलट बोलली नव्हती. त्या दिवशीही बोलली नाही, तिने मुदत मागितली. "आठ दिवस द्या. आठ दिवसांत बोट कापलं, तुकडा लहान-मोठा झाला, तर मीच बंद करते." ते जरा विचारात पडल्यासारखे झाले आणि म्हणाले, "ठीक आहे. तोवर सुट्टी सांग सगळ्यांना. आठ दिवसांनी बघू तुझा हात."

तेवढ्या एका वाक्यावर ती आठ दिवस जगली. मला हे सुनेने सांगितलं. फोनवर म्हणाली, "मामा, तुम्ही एकदा या. आई सकाळपासून ओट्यापाशीच असतात. ते दोन दिवे तुम्ही तरी टाका ना." मी म्हणालो, येतो. गेलो आठव्या दिवशी, रिकाम्या हाताने.

सकाळचे नऊ वाजले होते. सून कामावर गेली होती. ताई ओट्याशी उभी होती, डाव्या अंगठ्याला जुनी चिंधी आणि उजव्या हाताच्या चारी बोटांना नव्या. मला कळेना, सुरी धरणाऱ्या हाताची बोटं कशी कापली. मग लक्षात आलं की सुरी तिच्या डाव्या हातात आहे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ताई डाव्या हाताने चिरायला शिकत होती. दिवे तिच्याकडे वळणार नव्हते, म्हणून तीच दिव्यांकडे वळली होती. कापली जात होती ती गाजर धरणाऱ्या उजव्या हाताची बोटं.

"हे बघ," ती मला म्हणाली. आवाजात लहान मुलीचा उत्साह होता. "सावलीच नाही पडत. पहिले तीन दिवस फार कापलं, आता जमतं." फळीवर गाजराचे तुकडे होते. वेडेवाकडे, पण बारीक.

मला तिथेच जाऊन ते छत फोडून काढावंसं वाटलं. मी तिला म्हणालो, "छान जमतंय." एवढंच म्हणालो.

भाऊजी पिशवी खांद्याला लावून कामाला निघाले होते. दारातून जाताना ते थांबले. बघत राहिले. मग पिशवी खाली ठेवून आत आले आणि ताईच्या उजव्या बाजूला, जरा मागे, असे उभे राहिले. गिऱ्हाइकाच्या घरी शिडीवर चढण्याआधी उभे राहतात तसे. मी त्यांना सोळा वर्षं तसं उभं राहताना बघितलंय. ताईजवळ कधी नाही.

"मान वर घे थोडी," ते म्हणाले. "खांदा सैल सोड. कोपर आत घे, कोपर बाहेर गेलं की मनगट वळतं. हां. आता चिर. थांबू नको."

त्यांचा आवाज अगदी मऊ होता. ताईने कोपर आत घेतलं. सुरी सुरळीत चालायला लागली, टक टक टक, आणि गाजराचे एकसारखे दाणे फळीवर पडत गेले. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. तिने माझ्याकडे बघून घेतलं, मी बघतोय ना याची खात्री करायला. मला त्या आनंदाची इतकी शरम वाटली की मी खिडकीतून बाहेर बघायला लागलो.

"जमलं," भाऊजी म्हणाले. "हात आहे तुझा. लोकांच्या घरी सांगेन मी हे."

"मग डबे?" ताईने विचारलं. सुरी थांबवली नव्हती, थांबू नको असं ते म्हणाले होते म्हणून. "उद्यापासून सुरू करू? मास्तरांना आधी निरोप देते."

भाऊजींनी पिशवी उचलली. "मास्तरांनी दुसरीकडे लावला डबा. मी मुदत दिली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सगळ्यांकडे जाऊन आलो, कायमचं बंद म्हणून सांगितलं. तू उगाच आशेवर राहू नये म्हणून बोललो नाही." मग फळीकडे बघत म्हणाले, "आणि एवढं कशाला चिरतेस? चार माणसांपुरतं बास."

ते चपला घालून गेले. त्या दिवशी एका नव्या घरी माप घ्यायचं होतं आणि मलाही तिथे पोचायचं होतं. ताईने समोरच्या ढिगातून चार गाजरं वेगळी काढली, बाकीची टोपलीत परत ठेवली. मग त्या चारातलं एक उचललं आणि डाव्या हाताने, कोपर आत घेऊन, मास्तरांच्या मापाचं बारीक चिरायला लागली. मी म्हणालो, "ताई, मी निघतो." ती म्हणाली, "त्यांची शिडी नीट धर. घाईत असतात."